सातव्या फेरीची धडक

मोठे साहेब, संघ तुम्ही निवडता, आणि काल टीव्हीवर तुम्ही थाप मारलीत! "नव्या पोरांचा संघाला उपयोग व्हायला दोन वर्षं लागतात," म्हणालात. कुणाला विचारून? मला विचारलंत?

मित्रांनो, मी एक जुना ढकलगाडा आहे. ओहायोतल्या एका वेल्डरने मला लोखंडी सांगाडा आणि पाच जाड गाद्या दिल्या. चाकं दिली नाहीत, कारण मी सहज हलायचंच नव्हतं. अमेरिकन फुटबॉल संघाच्या पुढच्या फळीतले आडदांड गडी सरावाला मला खांद्याने रेटतात. बावीस वर्षं हे धक्के खातोय. पूर्वी माझे फोटो निघायचे. आता गाद्या फाटल्यात, सांध्यांना तेलाचा थेंब नाही. पण कोण कच्चा, कोण तयार, हे मला पहिल्या धडकेतच कळतं!

यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, लोतू फोनुआ आला. शेवटची, सातवी फेरी, दोनशे एकतिसावा नंबर. नव्यांनी जुन्यांचं सामान वाहायचं, ही इथली रीत. जुना गडी बर्क त्याला नावाने हाक मारायचाच नाही. "ए दोनशे एकतीस! माझं ओझं उचल, आणि जेवताना गाणं म्हण!" लोतू गाणं म्हणायचा. भसाडं, पण मनापासून.

आज सकाळी ग्रेडी कोच नेहमीसारखे वजन वाढवायला माझ्यावर उभे राहिले. बर्कही मुद्दाम चढला. "रेट आता, बाळा!"

लोतू धडकला. माझे सांधे कडाडले आणि मी निघालो! दहा यार्ड, वीस यार्ड, गवत सोलत थेट कुंपणापर्यंत! कोचची टोपी उडाली.

"थांब रे राक्षसा, उतरू दे!" बर्क ओरडत होता.

उतरला, धापा टाकत म्हणाला, "कोच, माझा गुडघा संपलाय. रविवारच्या सामन्यात माझी जागा लोतूला द्या."

पहिल्यांदाच नावाने!

"मी आत्ता देईन रे," ग्रेडी म्हणाले, "पण वरचे म्हणतात, सातव्या फेरीतल्याला नारळ द्या. उद्या संघाची अंतिम यादी लागतेय."

साहेब, पहिल्या फेरीतलं तुमचं लाडकं पोर मला अजून तीन यार्डही हलवू शकलेलं नाही. माझ्या तेलाचं राहू द्या, मी गंजत थांबेन. पण पोराचा जोर आज आहे, दोन वर्षांनी नाही. खाली या, एकदा त्याची धडक बघा, आणि सांगा: उद्याच्या यादीत लोतूचं नाव आहे की नाही?