दगड वाजतोय तवर

सोनोग्राफीत सिंधूच्या लिव्हरमध्ये गाठ दिसली आणि अर्ध्या किल्लारीनं तिला मनातल्या मनात पोचवूनही टाकलं. गाठ म्हटलं की आपल्याकडं दुसरं काही असूच शकत नाही ना! ती साधी की वाईट, हे एमआरआय सांगणार होता. म्हणून मुलगी ऋतुजा तिला लातूरला घेऊन आली होती.

मशीनच्या बोगद्यात शिरताच सिंधूचा जीव अर्धा झाला. हेडफोनमधून टेक्निशियन विशाखा सांगायची, "श्वास सोडा. आता धरून ठेवा." लगेच ठकठक सुरू व्हायची, सिंधू दचकायची आणि श्वास सुटायचा. दोनदा फोटो हलले.

"मावशी, असं केलं तर गाठ कसली ते कळणारच नाही. आवाज होतोय तोवर श्वास घ्यायचा नाही. थांबला की घ्या."

सिंधू चमकली. हे तर वैजूदादाचं बोलणं!

जुन्या गावातल्या विहिरीत थोरल्या भावानं, वैजनाथनं, तिला पोहायला शिकवलं होतं. ती बुडी मारायची आणि तो पायरीवर दगड आपटत बसायचा. "दगड वाजतोय तवर वर यायचं न्हाई, सिंधे!" पाण्याखाली तो आवाज थेट छातीत घुमायचा. लबाड मुद्दाम वाजवत राहायचा, मग ती धापा टाकत वर येऊन त्याच्याशी कडाकडा भांडायची. काय दिवस होते ते! भूकंपात दादा गेला. नव्या गावात घरं मिळाली. विहिरीकडं ती पुन्हा फिरकली नाही.

"करा सुरू," ती म्हणाली.

ठकठक आली. सिंधूनं डोळे मिटले आणि बुडी मारली. हिरवं गार पाणी, वर पायरीवर दादाचे पाय. ती जराही हलली नाही. शेवटचा आवाज थांबला तरी तिनं श्वास घेतला नाही, तेव्हा विशाखाच घाबरून ओरडली, "मावशी, घ्या की श्वास!"

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, कॅन्सर नाही. फोटो अगदी स्वच्छ आलेत. काही करायचं नाही."

ऋतुजानं हातच जोडले.

"म्हंजे परत त्या मशीनीत न्हाई जायाचं?" सिंधूनं विचारलं.

"नाही. आता कधीच नाही."

"सुटलीस बघ, आई!"

"हाव," सिंधू म्हणाली, आणि वैजूदादा आत्ताच गेल्यासारखी हमसून रडायला लागली. ऋतुजाला वाटलं, आनंदानं रडतेय.