चिकट्याचं पान

सासूने कुंडीतल्या चिकट्याच्या झाडाला पुसून पुसून मारलं, पण त्यात तिचा वाईट हेतू काडीचाही नव्हता. पानांना चिलटं चिकटलेली दिसली की म्हातारीचा जीव कासावीस व्हायचा. मग ओलं फडकं घ्यायचं आणि एकेक पान लख्ख करायचं. आता ते झाडच मुळी चिलटं खाऊन जगणारं! पण हे तिला समजावणारा मुलगा गेल्या वर्षी वारला, आणि सून दिवसभर इस्त्रीच्या दुकानात उभी.

सुनेच्या लक्षात आलं तोवर गाभा कुजला होता. कडेची चार पानं तेवढी धड. नवऱ्याच्या हौसेचं हेच एक झाड घरात उरलं होतं. "अहो आई, काय केलंत हे!" एवढंच ती म्हणाली. ओरडायलाही अंगात त्राण लागतं.

नवरा करायचा तसंच तिने केलं. कात्री लावायची नाही; पान बुडाशी धरून हळूच ओढायचं, पांढऱ्या टोकासकट. पिल्लं त्या टोकालाच फुटतात. पारदर्शक डब्यात ओल्या वाळूवर पानं निजवली आणि झाकण लावलं. नळाचं पाणी या लाडोबाला सोसत नाही, म्हणून वाफेच्या इस्त्रीत घालायचं शुद्ध पाणी ती दुकानातून आणायची. मालक कुरकुरायचा.

त्याच आठवड्यात तिने एकदाचं तोंड उघडलं. "आई, दुकान आणि घर, दोन्ही मला आता झेपत नाही हो. ताई न्यायला तयार आहेत तुम्हाला, लेकीचंच घर आहे."

"जाते की," सासू म्हणाली. "फक्त माझ्या बाळाचं झाड फुटू दे. एक पिल्लू बरोबर दे, म्हणजे झालं."

तेव्हापासून चप्पल काढली की सून आधी डब्यापाशी. पाय भरून आलेले, मनगट ठणकतंय, आणि मनात एकच, हे फुटलं की मी सुटले. मग स्वतःचीच लाज वाटायची.

"फुटलं का गं?" सासू पलंगावरून विचारायची.

"कुठलं हो!"

दोन पानं कुजली, एक वाळलं. हल्ली सासू विचारेनाशी झाली होती. "तू दमून येतेस, डब्याचं मी बघते," म्हणाली. सुनेला तेवढंच बरं वाटलं.

सुट्टीच्या दिवशी खिडकी पुसताना तिने डबा उचलला. उरलेल्या पानाचं टोक भिंतीकडे वळवलेलं होतं. तिने डबा फिरवला, तर टोकाला हिरवीगार पिल्लं, चांगली सदऱ्याच्या बटणाएवढी! कालपरवाची नव्हेतच ही. म्हणजे म्हातारी रोज बघत होती आणि मूग गिळून बसली होती!

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे माझी हाडं खिळखिळी झाली आणि ही बाई खेळ करतेय! डबा घेऊन ती तरातरा सासूच्या खोलीत गेली.

सासूने डबा पाहिला. ती वाकली आणि पलंगाखालची बॅग ओढू लागली. बॅग काही जड नव्हती, पण तिला ओढवेना.

"फडकं नाही गं लावलं मी," ती खाली बघतच म्हणाली. "एकदाही नाही. नुसतं बघत होते."

सून मटकन पलंगावर बसली. राग कुठे गेला कोण जाणे. थकवा मात्र होता तिथेच होता.

"एवढीशी पिल्लं घेऊन कुठे निघालात? प्रवासात मरतील ती."

"मग?"

"मग काय, मोठी होऊ देत. पण आजपासून भांडी तुमच्याकडे. मला खरंच झेपत नाही, आई."

"घासते की, बसून घासते," सासू म्हणाली, आणि तिने पायाने बॅग आत ढकलली.