बुरुजावरची उडी

दर हिवाळ्यात पंधरा दिवस लष्कराचं जाहीर प्रदर्शन भरायचं, आणि तिकिटांची रांग मैदानाला वळसा घालून पार पेट्रोल पंपापर्यंत जायची. एका मोटारसायकलवर बारा जण, दोरावरून खंदकापार नेलेली तोफ, आणि शेवटी किल्ल्याची लढाई. त्या लढाईत शत्रूचा पहारेकरी गोळी लागून तीस फुटी लाकडी बुरुजावरून कोसळायचा. सगळं मैदान उठून उभं राहायचं. खाली फळ्यांआड जाळी असे, ती लोकांना दिसत नसे. हा मरणारा शिपाई वर्षानुवर्षं एकच होता. पलटणीत त्याला उडीवाला म्हणत.

त्याची थोरली बहीण इस्त्रीचं दुकान चालवायची. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा मामाच्या अंगाखांद्यावर वाढला. पहिल्या रांगेतले दोन पास दरवर्षी त्या मायलेकांचे. अठरा पूर्ण होताच भाचा भरतीचा अर्ज घेऊन आला, तेव्हा ताईने अन्नपाणी सोडलं. तिची समजूत मामानेच काढली.

"अगं, माझ्याकडे बघ. एकोणीस वर्षं लष्करात आहे, साधं खरचटलंसुद्धा नाही."

खरंच होतं ते. प्रदर्शनाच्या मैदानापलीकडे त्याला कधी धाडलंच नव्हतं. हे ताईलाही ठाऊक होतं, पण ऐन वेळी दोघांपैकी कुणीच तो विषय काढला नाही.

पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. सात महिन्यांत भाचा परत आला तो खिळे ठोकलेल्या पेटीत. पेटी उघडू नका, असं सोबतच्या अधिकाऱ्याने ताईला बजावलं.

त्या हिवाळ्यात प्रदर्शन होणार नाही, असं उडीवाल्याला वाटलं होतं. झालं, आणि दणक्यात झालं. यंदा मला दुसरं काम द्या, म्हणून त्याने साहेबांना विनवलं. साहेब म्हणाले, लोकांना आत्ताच तर धीर हवाय. शिवाय तुझ्यासारखं पडणं दुसऱ्याला जमत नाही. तो मुकाट्याने बुरुजावर चढला.

पास त्याने पाठवले नव्हते. ताई तिकीट काढून आली. खेळ संपल्यावर तो मागच्या नळावर तोंडावरचा लाल रंग धूत होता, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते.

"खाली जाळी असते, हे त्याला कधी सांगितलं होतंस का रे?"

सांगितलं होतं. दाखवलीही होती, पोर लहानपणी तिच्यात लोळलं होतं. पण त्याने नुसतं पुन्हा तोंडावर पाणी मारलं.

हंगामाच्या उरलेल्या नऊ उड्या त्याने मारल्या. हुकूमच होता. आणि खोटं कशाला, टाळ्या ऐकल्या की क्षणभर बरंही वाटायचं. मग स्वतःचीच किळस यायची.

पुढे ओहोटी लागली. गल्लोगल्ली पेट्या येऊ लागल्यावर बंदुकांचे पोकळ बार ऐकायला कोण येणार? आधी अर्धी बाकं रिकामी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी शाळांच्या बस भरभरून मुलं आणली; त्यांतली निम्मी लढाईच्या आधीच घरी गेली. मग प्रदर्शनच मोडीत निघालं. बुरुज जळणाच्या भावाने गेला.

बंदचा हुकूम आला त्या दुपारी तो दुकानात गेला. इतक्या वर्षांत ताईने त्याला दार लावलं नव्हतं, पण आपणहून एक शब्दही बोलली नव्हती. प्रदर्शन कायमचं बंद झालं, असं त्याने सांगितलं. तिने शर्टाची बाही उलटवली.

"उशीर झाला," ती म्हणाली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक कपड्यांचं गाठोडं घेऊन आलं. वाट द्यायला तो बाजूला सरकला, आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिला.