हॉल्टिंग नाही

वडील गेल्यावर स्टॅनी सरांनी दीपिकाला ऑफिसात घेतलं. वसई फाट्याजवळ त्यांचा अकरा ट्रकांचा धंदा. तिच्या वडिलांनी, हरेश्वरने, त्यांच्याकडे एकोणीस वर्षं गाडी चालवली होती. आठ महिन्यांनी बिलांचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि ते काम तिच्याकडे आलं. प्रत्येक पार्टीच्या नावापुढे कोणकोणते चार्ज लावायचे ते भरायचं: भाडं, हमाली, टोल, हॉल्टिंग.

"हॉल्टिंग म्हणजे माल उतरवायला गाडी खोळंबली तर त्याचे पैसे," सर म्हणाले. ड्रायव्हरच्या मुलीला हे सांगायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी सिल्वासाच्या रंगाच्या कंपनीचं नाव आलं आणि तिचा हात थांबला. याच कंपनीच्या गेटबाहेर मे महिन्यात हरेश्वरची गाडी दोन दिवस उन्हात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घरी फोन केला. "छातीत जड वाटतंय. पानी पन संपलं." दीपिकाच्या आईने, भागूबाईने, डॉक्टरकडे जा म्हणून विनवलं. "लाइन सोडली तर नंबर जाईल. मग कोन ऐकनार?" म्हणाला. दुपारी मागच्या गाडीच्या ड्रायव्हरने केबिनचं दार उघडलं, तेव्हा त्याने स्टिअरिंगवर मान टाकली होती.

जुन्या फाइलीत त्या कंपनीपुढे पेनाने लिहिलं होतं, 'हॉल्टिंग नाही'. खाली सरांची सही.

ती फाइल घेऊन आत गेली. "सर, यांना का नाही?"

"जुनी पार्टी गं. महिन्याला वीस फेऱ्या देतात. त्यांनी माफ करा म्हटलं, मी केलं."

"गाडी उभी ठेवणं फुकट होतं, म्हणून त्यांनी ठेवली ना?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फाइलीतल्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. "लाव," म्हणाले. "चार तासांनंतर, दर तासाला."

कंपनीचा फोन आला, आरडाओरडा झाला. "नको असेल तर दुसरा ट्रान्सपोर्टवाला बघा," सर म्हणाले. तीन आठवडे एकही फेरी आली नाही. सरांनी दोन ड्रायव्हरांना घरी बसवलं, पण दीपिकाला काही बोलले नाहीत. मग काम परत आलं.

पहिली गाडी घेऊन विकी गेला. दुपारीच त्याचा फोन. "मॅडम, अडीच तासांत माल उतरून गाडी खाली! गेटवर माणूस वाटच बघत होता आपली."

"बरं," दीपिका म्हणाली. बिल काढलं, हॉल्टिंगपुढे शून्य. मग तिला खुर्चीत बसवेना. बाहेर जुन्या टायरांच्या ढिगाआड उभी राहून ती रडली.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. भागूबाई मेथी निवडत होती.

"अडीच तास?" तिचे हात थांबले. "मंग तुझ्या बाबांना दोन दिवस कशाला ठेवलं?"

दीपिकाला उत्तर माहीत होतं. पण ते इतकं लहान होतं की आईला सांगवेना. ती शेजारी बसली आणि मेथीची एक काडी हातात घेतली.