ताईची जबानी

ताई आली ती भांडायलाच. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. धाकटीपासून सर्वांत लांबची तिने ओढून आणखी लांब नेली, पर्स मांडीवर ढालीसारखी उभी केली आणि मानसतज्ज्ञ बाईंना म्हणाली, "मॅडम, मी हिच्यासाठी आलेले नाही. तुम्ही तीनदा फोन केलात म्हणून आले. सहा वर्षं हिचं तोंड पाहिलं नाही आणि माझं काही अडलंही नाही."

धाकटी ताईच्या चपलांकडे पाहत राहिली. डोळ्यांत बघून बोलणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि आज तर त्या डोळ्यांत निखारे होते.

कोर्टात साक्षीदार लागतो तो गुन्ह्याला. हिला लागला होता तो स्वतःच्या बालपणाला! त्याचं असं झालं.

धाकटी एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून नाव लिहिलेल्या डबीत तोंडाचे साचे यायचे, त्यावर मेणात ती एकेक दात बसवायची. हाताला अशी सफाई, की कवळी घालून माणूस हसला तर बायकोलासुद्धा शंका येऊ नये. शंका सगळी हिच्या वाट्याला. डबीवरचं नाव आणि आतला साचा एकाच माणसाचा ना? एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात गेले तर? अकरा वेळा बघायची. मग हात धुवायची. धुताना वाटायचं, डबी हलली असेल. की पुन्हा पहिल्यापासून. तिथे तिचं नावच पडलं होतं खात्रीबाई. मालक ओरडायचे, "खात्रीबाई, अहो, त्या आजोबांना दात जिवंतपणी हवेत!"

जुनी माणसं ज्याला मंत्रचळ म्हणत आली, त्याला डॉक्टरांनी ओसीडी म्हटलं आणि तिला या बाईंकडे धाडलं. उपचार ऐकायला सोपा होता. मन म्हणालं बघ, की बघायचं नाही. धू म्हणालं, की हात खिशात. रोग जे खायला मागतो ते त्याला घालायचं नाही, एवढंच. सात महिन्यांत अकराचे तीन झाले.

मग गाडी अडली ती खणाशी. कामाच्या टेबलाच्या खणात उरलेसुरले सुटे दात असायचे. जेवणाच्या सुट्टीत ती ते रंगाच्या छटेप्रमाणे लावायची, दुधासारख्या पांढऱ्यापासून जन्मभर चहा प्यायल्यासारख्या पिवळ्यापर्यंत. बाई म्हणाल्या, हेही मोडून बघू. तिने बिचारीने इमानाने खण विस्कटला. पाच दिवस ती कोणाशी बोलली नाही, धड जेवली नाही, आणि सहाव्या दिवशी एका कवळीत वरचे दात खाली बसवून मोकळी झाली.

बाई विचारात पडल्या. "हे मंत्रचळाचं नसेलही," त्या म्हणाल्या. "स्वमग्नता असू शकते, ऑटिझम. तसं असेल तर तुमच्या खणाला हात लावायचं मला कारण नाही. नसेल, तर तो आज ना उद्या मोडावा लागेल."

धाकटीने घरी बसून प्रश्नावल्या भरल्या. पण ज्याला डबीवरच्या नावाचा भरवसा नाही, त्याला स्वतःच्या उत्तराचा कुठून असणार? 'हो' लिही, खोड, 'नाही' लिही, खोड. आपण हे नाटक तर करत नाही ना, या एका शंकेने तिचे चार रविवार खाल्ले. शेवटी बाईंनी पेन काढून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला लहानपणी जवळून पाहिलेलं कोण आहे?" आईवडील राहिले नव्हते. उरली आठ वर्षांनी मोठी ताई.

"लहानपणी कशी होती?" बाईंनी आता तिला विचारलं.

"स्वार्थी," ताई म्हणाली. "लिहा. आजार नाही, बिजार नाही. घरात पाहुणे आले की ही भिंतीकडे तोंड करून बसायची. चार वर्षांची मुलगी! आई शरमेने अर्धी व्हायची. ताटात एक जिन्नस दुसऱ्याला टेकला की ताट तसंच. नवा फ्रॉक घातला की अंगाला आग लागल्यासारखी किंचाळायची, म्हणून माझे जुने, धुऊन मऊ झालेले हिला. मला नवे मिळाले याचा कोणाला आनंद? छे! माझ्या लग्नात गाणी लागली, तर ही कपाटात. कान दाबून. एकाही फोटोत नाही माझी सख्खी बहीण. सासरचे विचारतात, धाकटी कुठाय? काय सांगू, कपाटात ठेवलीय?"

बाईंचं पेन थांबेना. ताईला वाटलं, आपली बाजू भक्कम होतेय, आणि तिला आणखी चेव चढला. शिव्या मोजून घालाव्यात तशी ती एकेक आठवण घालत होती, आणि समोरचा कागद भरत होता.

"आणि आई गेली तेव्हा विचारा ना कुठे होती!" ताईचा आवाज चिरला. "मी दवाखान्यातून फोन करतेय, अगं ये, अगं निघ. ही घरी नळाशी. पाऊण तास! आईने शेवटपर्यंत दाराकडे पाहिलं. ही आली तेव्हा चादर ओढली होती तोंडावरून. हात मात्र स्वच्छ हो!"

"मला वाटलं," धाकटी चपलांनाच म्हणाली, "हात नीट धुतले नाहीत तर आई माझ्यामुळे जाईल."

"गेलीच की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या धाकटीकडे वळल्या नाहीत, ताईकडेच वळल्या. "एक विचारते. लहानपणी ही काही ओळीने लावायची?"

"बटणं. आईच्या शिवणाच्या डब्यातली. खिडकीत, आकाराप्रमाणे. तास न् तास."

"तेव्हा कशी दिसायची?"

"म्हणजे?"

"चेहरा. आवाज. आठवेल तसं."

ताईने पर्सची चेन उघडली, लावली. "गुणगुणायची," ती म्हणाली. "सूर नाही, काही नाही. भांड्यात पाणी तापताना येतो तसा आवाज. मी शेजारी अभ्यास करायचे. मला झोप यायची त्या आवाजाने."

"आणि हात धुताना?"

"धुताना कसली गुणगुणते! रडायची. सात वर्षांची होती सुरू झालं तेव्हा. मला म्हणायची, ताई, नळ तू बंद कर, मला होत नाही. केला मी बंद. लग्न होऊन गेले तोवर, आठ वर्षं, रोज! माझी परीक्षा असो, ताप असो, नळ बंद करायला ताई." आणि मग ती एकदम उभी राहिली, पर्स खाली पडली तरी तिचं लक्ष नव्हतं. "त्या दिवशी मी आईपाशी होते! मग मी काय दोन्हीकडे असायचं? मी दोन्हीकडे असायचं का, मॅडम?"

"नाही," बाई म्हणाल्या.

ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बाई धाकटीला हळूच म्हणाल्या, "अजून दोन बैठका होतील, त्याआधी नाव काही देणार नाही. पण एक धरून चाला. रडवणारं आपण सोडवत राहू. गुणगुणायला लावणारं तुमचं तुम्ही ठेवा. खण लावा."

आता एवढं सगळं बोलून झाल्यावर दोघी बहिणी गळ्यात पडल्या असतील, असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. जिन्यात येताच ताई फणकारली, "उद्या काहीही नाव निघू दे, मी माफ करणार नाही. सांगून ठेवते."

"माफीसाठी नव्हतं बोलावलं," धाकटी म्हणाली. "माझ्यातलं कुठलं सोडायचं आणि कुठलं ठेवायचं, ते मला कळत नव्हतं. तुला माहीत होतं."

"आणि माझं? माझ्यातलं काय ठेवायचं, कोणी सांगायचं मला?"

दुसऱ्या कोणी सांत्वन केलं असतं. धाकटीने प्रश्न प्रश्न म्हणूनच घेतला, क्षणभर नीट तपासला. "त्याला तुझी बैठक वेगळी लागेल. बाईंचा मंगळवार रिकामा असतो. विचारू?"

"गप्प बस," ताई म्हणाली आणि तावातावाने जिना उतरू लागली. चार पायऱ्या गेली, थांबली. वळली नाही.

"विचारून ठेव," ती भिंतीला म्हणाली. "पण तू त्या खोलीत नसायचं."

"बरं," म्हणाली धाकटी, आणि विचारायला परत वर गेली.