कॅमेऱ्याच्या मागचा आवाज

"फाइल चालली नाही, तर फाइलला हात लावायचा नाही. आधी प्लेअर बदलून बघायचा, कोडेक शोधायचं. फाइल बिचारी काही करत नाही."

ह्यांचं हे सांगणं मी इतक्या वेळा ऐकलं होतं की भाजी निवडता निवडताही म्हणून दाखवलं असतं. व्हिडिओची फाइल म्हणजे एक डबा, असं ते समजावायचे. आत चित्र एका लिपीत लिहिलेलं, आवाज दुसऱ्या लिपीत. ती लिपी वाचणारं ते कोडेक. प्लेअरकडे ते नसलं की तो सरळ "फाइल खराब आहे" म्हणून मोकळा होतो. माणसांसारखंच, असंही वर म्हणायचे.

ह्यांचा जुना कॅमेरा आवाज फार आडवळणाने साठवायचा. ह्यांनी किती प्लेअर टाकले, काढले, शिव्या घातल्या आणि शेवटी एक पक्का केला. त्यावर सगळं सुरळीत चालायचं. मग हे गेले. दोन वर्षांनी कॉम्प्युटरनेही मान टाकायला घेतली, तेव्हा भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, नवा आणला. फाइली नव्यात उतरवून घेतल्या आणि जुना बदल्यात देऊन टाकला. तिथपर्यंत काही बिघडलं नव्हतं.

आईंची, माझ्या सासूबाईंची, नजर गेल्या वर्षी पूर्ण गेली. त्या काही मागत नाहीत. चहा गार झाला तरी तसाच पितात. पण नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी चाचपडत माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "त्याचा आवाज ऐकव गं एकदा. विसरायला लागलेय मी."

मी म्हटलं, "ऐकवते."

ह्यांच्या एकाही व्हिडिओत हे दिसत नाहीत. कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात. दिसतात त्या आई, गच्चीवर कपडे वाळत घालताना. दिसतात भावजी, शिडीवर उभे राहून पंखा पुसताना. आणि मागून ह्यांचं सारखं चाललेलं असतं, "आई, इकडे बघ. अगं, तोंडातला चिमटा काढ आधी!" ह्यांचं असं जे काही उरलं होतं, ते एवढंच.

नव्या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरने व्हायचं तेच केलं. काळी चौकट, खाली एक ओळ: ही फाइल चालवता येत नाही.

"भावजी, दुसरा प्लेअर टाकून बघा ना. कोडेक आतच असलेले मिळतात," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही देवाचं बघा, हे माझ्यावर सोडा," ते हसत म्हणाले. "ह्या जुनाट फाइलींना किती दिवस कुरवाळत बसायचं? नव्या पद्धतीत बदलून टाकतो सगळ्या. जागाही निम्मी लागेल."

"मूळच्या मात्र राहू द्या."

"हो हो."

सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. त्या वेळात घरातलेही आवाज खाली ठेवतात. मी कधी सांगितलं नाही, ह्यांनीच ती सवय सगळ्यांना लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जपाला बसले होते आणि शेजारच्या खोलीतून माउसची टिकटिक येत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, आईंचं काम होतंय.

जेवणं झाल्यावर आईंना खुर्ची दिली. त्यांनी पदर सारखा केला, जणू कोणी भेटायला येणार होतं. भावजींनी फाइल उघडली. गच्ची आली, दोरी आली, तोंडात चिमटा धरलेल्या आई आल्या.

"लावलंस का?" आईंनी विचारलं.

"चालू आहे, आई."

"मग ऐकू का येत नाही?"

भावजींनी स्पीकरचं बटण फिरवलं. वायर काढली, परत खोचली. मग प्लेअर बदलला. मग दुसरा उतरवून घेतला, तिसरा घेतला, कोडेकचा एक अख्खा गठ्ठा आणून बसवला. काल मी सांगितलं होतं ते सगळं आज ओळीने झालं. प्रत्येक वेळी आई पुढे वाकायच्या, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर त्यांचे ओठ हलायचे, कोणाला तरी रागावल्यासारखे. ज्याला रागवत होत्या तो कुठेच नव्हता.

मी म्हटलं, "जरा बघू," आणि फाइलची माहिती उघडली. ह्यांनीच दाखवलं होतं कुठे बघायचं. चित्राच्या रकान्यात सगळं भरलेलं होतं. आवाजाच्या रकान्यात काहीच नव्हतं. बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला ती आवाजाची लिपी वाचता आली नव्हती. त्याने आवाज गाळला आणि चित्र तेवढं पुढे नेलं.

"मूळच्या फाइली कुठे आहेत, भावजी?"

ते माउसशी खेळत राहिले.

"भावजी?"

"दोन दोन प्रती कशाला ठेवायच्या म्हणून..." ते थांबले. "मी बघितलं होतं ना चालवून! एक-दोन फाइली नीट शेवटपर्यंत बघितल्या, मगच काढल्या."

"आवाज आला होता?"

"आवाज बंद ठेवला होता." आता त्यांचा सूर चढला. "तुमचं मौन होतं ना सकाळी! तुम्हाला त्रास नको म्हणून बंद ठेवला. आता मलाच विचारा."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "वहिनींचं मौन दुपारी सुटतं तरी. ह्या फाइलींनी कायमचंच धरलं." आणि आपल्याच बोलण्यावर थोडं हसल्या. मी ऐकून घेतलं. मला राग येतो. येत नाही असं लोकांना वाटतं.

दुकानदाराला फोन झाला. तो म्हणाला, जुन्याची डिस्क कालच पुसून टाकली, आणि नव्यावर पुसलेल्या जागेत नंतर उतरवलेलं सगळं लिहिलं गेलं असणार, आशा धरू नका. भावजी म्हणाले, "बरं, चित्र तरी राहिलं ना? लोकांकडे तेही नसतं."

"मला काय करायचंय चित्र?" आई म्हणाल्या. एवढंच. भिंत धरून धरून आपल्या खोलीत गेल्या.

मी पाणी घेऊन मागोमाग गेले. त्यांनी ग्लास हातात घेतला.

"थोरलीकडे असेल," त्या म्हणाल्या. "तिने नवं घर केलं तेव्हा ह्या सगळ्याची डिस्क दिली होती त्याने तिला. आहे तशीच उतरवून."

थोरली म्हणजे माझ्या नणंदबाई. ह्यांच्या बाराव्याला त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या की माझ्या भावाच्या छातीत दुखत होतं आणि ही बया माळ ओढत बसली होती. मी तेव्हा माळ ओढत नव्हते, गाडीसाठी रस्त्यावर धावत होते. पण कोणी माझी बाजू घेतली ती आईंनीच. लेकीला म्हणाल्या, "ह्या घराची पायरी चढू नकोस." त्या चढल्या नाहीत.

"मी मागितली म्हणून सांगू नकोस हो तिला," आई म्हणाल्या.

"मग कोणासाठी मागू?"

"तुझ्यासाठी माग."

"माझ्यासाठी वन्सं पाण्याचा थेंब देणार नाहीत, आई."

"ते मला माहीत नाही. माझ्या तोंडून शब्द जाणार नाही आणि तिच्या तोंडून येणार नाही. दोघी सारख्याच आहोत." ग्लास त्यांनी न पिताच परत दिला. "आणशील ना?"

त्यांच्यासाठी मान हलवून चालत नाही, बोलावंच लागतं. "आणते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाची भांडी विसळून झाल्यावर मी बरी साडी नेसले. पिशवीत कोरा पेनड्राइव्ह टाकला, कारण डिस्क त्या हातात देणार नाहीत, फार तर तिथे बसून उतरवू देतील. त्यांच्याकडचा प्लेअर काय म्हणेल, ते तिथे बघता येईल.

"कुठे निघालात, वहिनी?" भावजींनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"येते जरा जाऊन."

"रिक्षा बोलावू?"

"नको."

जिना उतरताना मी मनाशी वाक्य जुळवत होते. "वन्सं, माझं काही काम नाही," अशी सुरुवात करायची. मग त्या दार लावायच्या आत, एका दमात, आईंचं नाव सांगून टाकायचं. आईंनी सांगू नको म्हटलं होतं, पण 'आणते' असा शब्द मी दिला होता, आणि त्या दोन्हींतलं एकच पाळता येण्याजोगं होतं. कोपऱ्यावर वळले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. मी पदर डोक्यावरून घेतला आणि चालू लागले.