जाहिरातीतली मोटारसायकल

लोक तिला सुईवाली ताई म्हणत. सकाळी सहापासून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि नऊच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे, हे तिचं काम. तिच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन कायमचं बसलं, तेव्हा ती आठवडाभर पायी फिरली. दोन नमुने उशिरा पोचले आणि फुकट गेले. त्यातला एक अंथरुणाला खिळलेल्या आजींचा होता. त्यांच्या हातावर दुसऱ्यांदा शीर शोधताना तिला मान वर करवेना.

म्हणून मोबाइलवर ती जाहिरात दिसली आणि तिचा जीव भांड्यात पडला. काळी मोटारसायकल, तीन वर्षांची, जेमतेम वापरलेली, किंमत निम्मी. विकणारा फोनवर फार गोड बोलला. परदेशी बदली झालीय, गाडी विमानतळाच्या गोदामात आहे, टोकन भरलं की घरपोच येईल. "ताई, अजून तिघं थांबलेत. पण तुम्हाला गरज आहे म्हणून पहिला मान तुमचा."

पैसे पाठवण्याआधी ती मामाच्या गॅरेजमध्ये गेली.

"गाडी पाहिलीस?" मामाने विचारलं.

"फोटो पाहिले."

"मग फोटोवर बसूनच जा कामाला." मामाने हात पुसले. "त्याला सांग, माझा मामा गोदामात येतो. चेसिस नंबर आणि कागद जुळवतो, मग पैसे. बघ काय म्हणतो."

तिने तसं सांगितलं. गोदामात बाहेरच्यांना सोडत नाहीत, तो म्हणाला. मग व्हिडिओ कॉलवर दाखवा? कॅमेरा बिघडलाय. हळूहळू आवाजातला गोडवा आटला. "विश्वास नसेल तर राहू द्या. दहा मिनिटं थांबतो." पाठोपाठ पैसे भरायचा कोड आला.

तिचा अंगठा पडद्यावर होता. मामाने फोन हिसकावला नाही. तो एवढंच म्हणाला, "दहा मिनिटांची घाई करणाऱ्याकडून मी आजवर साधा पानासुद्धा घेतला नाही."

तिने फोटो पुन्हा उघडले. नंबरप्लेट पुसट केलेली होती. पण गाडीमागे हिरवं लोखंडी फाटक होतं, आणि पायऱ्यांच्या कडेला चाकाच्या खुर्चीसाठी केलेला सिमेंटचा उतार. तो उतार तिने पाहिला होता. शेजारच्या घरात ती दर महिन्याला रक्त घ्यायला जायची.

"मामा, ही गाडी गोदामात नाहीये. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत आहे."

दुपारी दोघं तिथे गेली. फाटक एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. तिच्या हातातला फोन बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "पैसे पाठवलेत का?"

"नाही."

ते पायरीवर बसले. "बरं झालं. तुम्ही सातव्या."

गाडी त्यांच्या मुलाची होती. दीड वर्षाच्या आजारात तो खुर्चीला खिळला आणि मग गेला. बापाने जाहिरात दिली, दोन दिवसांत काढूनही घेतली. तेवढ्यात कुणीतरी फोटो उचलले. "फोटोतलं फाटक ओळखून लोक येतात. एक शिंपी आला होता. टोकन भरून बसलेला. मला चोर म्हणाला. मी काय बोलणार? गाडी तर त्याच्या डोळ्यांसमोर उभी! गल्ली बघत होती. तेव्हापासून लोक मला बघून मान वळवतात."

मामा त्यांना घेऊन पोलिसांकडे गेला. तक्रार नोंदवली, जाहिरात उतरली, आणि चार दिवसांत दुसऱ्या नावाने परत लागली. तेव्हा गृहस्थांनी फाटकावर पाटी लावायचं ठरवलं. जन्मभर नकाशे काढलेला माणूस. पट्टीने रेघा आखून त्यांनी लिहिलं, 'जाहिरात खोटी आहे. पैसे पाठवू नका. ही गाडी विकायची नाही.' शेवटच्या ओळीशी ते थबकले.

"खरं तर विकायचीच आहे हो. तिच्याकडे बघवत नाही, आणि नजरेआड झालेलीही चालत नाही."

ताईने खाली बघितलं. गाडी तिला हवी होती, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. बोलला मामाच. "विकायची झाली तरी आज कुणी घेऊ नये, आम्हीसुद्धा. कागद मुलाच्या नावावर आहेत. आधी तुमच्या नावावर व्हायला हवेत."

"त्याला मृत्यूचा दाखला लागतो."

"हो."

"तो मी अजून पाकिटातून काढलेला नाही."

तीन आठवड्यांनी त्यांचा ताईला फोन आला. "सोबत याल का?"

परिवहन कार्यालयातल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "मयताशी नातं?"

गृहस्थांनी पाकीट पुढे केलं, पण हातातून सोडलं नाही. ताईने त्यांच्या कोपराला हात लावला.

"वडील," ते म्हणाले.

कारकुनाने आता मान वर केली, आणि शिक्का मारताना हात जरा हळू चालवला.

परतताना ते शिंप्याच्या दुकानापाशी थांबले. तक्रारीची प्रत त्यांनी त्याच्यापुढे ठेवली. शिंप्याने ती दोनदा वाचली. त्याचे पैसे परत आले नव्हते, पुढेही आले नाहीत. पण दुकानातलं एकुलतं स्टूल त्याने पायाने पुढे सरकवलं. "बसा," तो म्हणाला.

कागद नावावर होऊन आले, तेव्हा गृहस्थांनीच ताईला विचारलं, घेतेस का. ते तिला एकेरीत कधी बोलायला लागले, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मामाने टॉर्च धरून चेसिसवरचा आकडा कागदाशी ताडून पाहिला, नवी बॅटरी बसवली, इंजिन ऐकलं आणि मान डोलावली. पैसे बँकेतून गेले, सह्या झाल्या.

गाडी न्यायच्या सकाळी तिने किल्ली लावली, तसा त्यांनी हात वर केला. "इथे नको चालू करू. कोपऱ्यापर्यंत ढकलत ने."

तिने गाडी उतारावरून खाली घेतली आणि गल्लीभर ढकलत नेली. कोपऱ्यावर वळून पाहिलं, तर ते फाटक लावून आत गेले होते. तरीही ती आणखी एक चौक चालली, आणि मग किक मारली.